पाय सुकेस्तोवर

अमरावती, पौष शुद्ध ५, शके १७८५

माह्या मोठ्या बाईले, गोदाबाईले, धाकट्या भावाचा, चंद्रभानचा, पाया पडून नमस्कार. हे पत्र तुले भगवंतराव भाऊजी वाचून दाखवतीन, म्हनून त्याइलेबी रामराम.

बाई, तू खुशाल अशीन. मी काई खुशाल नाई. तिकडे अमेरिकेत लढाई लागली म्हनतात, अन् इकडे आपल्या वऱ्हाडच्या कापसाले असा भाव आला की मानसं झोपेतबी बोंडं येचून राहिली. बाजारात गाड्यांची रांग पार बडनेऱ्याच्या रस्त्यापर्यंत. आम्हा दलालांची रीत तुले ठाऊकच हाये. घेनाऱ्याचा अन् आपला हात एका रुमालाखाली, बोटं दाबून भाव ठरवायचा, अन् सौदा होईपर्यंत तोंडातून चकार शब्द काढायचा नाई. दिवसभर तोंड बंद ठेवून जे साचते, ते घरी गेल्यावर बाहेर येते. मी तरी काय करू?

शालूची माय मंगळवारी पातूरले माहेरी गेली, पोरीले घेऊन. थोडी बोलाचाली झाली, दुसरं काई नाई. भाजीत मीठ नव्हतं, मी बोललो, लोटा हातातून सुटला. बायका मनाले लावून घेतात. येईन आठ रोजात.

पन मुनव्वरमियाँ, मुंबईच्या व्यापाऱ्यासाठी माल घेनारे, ते काल मले बाजूले घेऊन म्हनले, "चंद्रभान, तुमचा हात आजकाल इतका गरम असतो की भाव समजत नाही." ते बोलनं मले लागलं.

म्हनून इचारतो. पयले तू बी माह्यासारखीच तापट होती. तुह्या सासूचं तोंड आख्ख्या अकोल्याले ठाऊक. तरी तीन वरसापासून तुह्या कपाळाले म्या आठी पाह्यली नाई. हे तुले कसं जमते, बाप्पा? मलेबी सांग.

तुहा चंद्रभान


अकोला, पौष पौर्णिमा

चंद्रभानले गोदाबाईचा आशीर्वाद. लिहिनार हे, बोलनार मी. हे मधात आपलं घुसवतीन, तिकडे ध्यान देऊ नोको.

तुह्यं पत्र ऐकलं. माह्यात काई गुन नाई रे. मी हे एका बाईपाशी शिकली. (साळेबुवा, ती बाई कोन हे लिहायची मले सक्त मनाई हाये. भगवंतराव.)

ती बाई बाहेरून आली की उंबऱ्यापाशी पाय धुते. आपन सगळेच धुतो, त्यात काय मोठं! पन तिचा नेम असा की पाय सुकेस्तोवर कोनाले एक शब्द बोलायचा नाई. उभी राहते, पायाकडे पाहते. थंड पानी, थंड हवा. तेवढ्यात डोक्यातलं अर्धं उतरते म्हनते.

दुसरं, ती सोताले नावानं हाक मारते, जशी मैत्रिनीले मारावी. "काय व, तुले भूक लागली का? झोप नाई झाली का? कंबर दुखून राहिली का? का खरंच कोनी काई केलं?" म्हनते, दहातल्या आठ येळा भूकच निघते. मी पयल्यांदा हासली तिले. मंग एक दिवस सासूबाईवर खेकसनार होती, तेवढ्यात सोताले इचारलं. सकाळपासून पोटात अन्नाचा कन नव्हता. दोन घास खाल्ले अन् सासूबाईले म्हनलं, तुमच्यासाठी पान लावू का? त्याइले वाटलं मी आजारी हावो.

राग वाईट नाई, भाऊ. आला त येऊ दे. पाट मांडून जेवाले बसवू नोको, एवढंच.

करून पाह्य.

गोदाबाई


अमरावती, पौष वद्य १०

बाईले नमस्कार.

तुह्या त्या बाईनं माही भर बाजारात फजिती केली!

शुक्रवारी मुनव्वरमियाँसंगं सौदा होता. रुमाल टाकला, हात धरले. त्याइनं असं बोट दाबलं की माह्या टाळूपर्यंत आग गेली. असा भाव कापसाले नाई, कचऱ्याले देतात. मले तुही शिकवन आठवली. झालं, मी सुरू केलं, "काय रे चंद्रभान, भूक लागली का? झोप नाई झाली का?" अन् तेबी मोठ्यानं, रुमालाखाली हात असताना!

भवतालचे दलाल ताडकन उठले. रुमालावर तोंड उघडलं म्हंजे मागच्या कोनाले तरी खूण देली, असाच अर्थ होते न आमच्यात. एकानं रुमाल ओढून फेकला. दुसरा म्हने, ह्याले बाजारातून काढा. सौदा मोडला. मी लाज वाटून उभा. तेवढ्यात मुनव्वरमियाँ पोट धरून हासाले लागले. "अरे भाई, छोडो उसको! ये तो खुद से सौदा कर रहा है!"

मंग सगळेच हासले. मियाँनं मले सावलीत नेलं, सोताची भाकर काढून देली. अन् बाई, खरंच सांगतो, म्या सकाळपासून काईच खाल्लं नव्हतं. घरी चूल कोन पेटवनार? अर्धी भाकर पोटात गेली अन् दुसऱ्यांदा हात धरला, त तेच बोट मले तेवढं वाईट वाटलं नाई. सौदा नीट झाला.

पायाचं बी करून राहिलो. पाय धुतो, सुकेपर्यंत उभा राहतो. पन सुकल्यावर घरात जातो त कोनीच नाई. कोनाशी बोलू नये म्हनून थांबलो होतो, हेच मंग समजत नाई.

त्या बाईले माह्याकडून एक चांगलं लुगडं घेऊन देजो. अन् शालूची माय अजून आली नाई. पातूरले काई निरोप गेला त सांगजो, म्हनावं हंगामाचे दिवस हायेत, इकडे घराची दैना होऊन राहिली.

चंद्रभान


अकोला, माघ शुद्ध ४

चंद्रभानले आशीर्वाद.

अरे बावळटा, मनात इचारायचं असते! आमी इकडे हासून हासून लोळलो. हे त दोनदा वाचून दाखवा म्हनलं तरी हासन्यानं पुढे वाचू शकले नाई. (खरं हाये.)

आता तिसरं सांगते. हे तिचं सगळ्यात नामी. दिवस बिघडला असं वाटलं की ती अंबाडा सोडते. फनी फिरवते, नवा अंबाडा बांधते अन् मनात म्हनते, आता सकाळ झाली. मागचं ते कालचं. दुपार असो का तिन्हीसांज असो, तिची सकाळ तिच्या हातात. मले हे लय आवडलं. मीबी करते. (आमच्या घरी कधी कधी एका दिवसात तीनदा सकाळ होते. आई म्हनते सुनेले केसाचा रोग झाला.)

तू काय सोडशीन? पागोटं सोड. सोडायचं, झटकायचं, पुन्हा बांधायचं.

लुगडं ती घेनार नाई. मी इचारलं. नुसती मान हालवली.

अन् एक गोष्ट. ती बाई आता हे करत नाई. सोडून देलं तिनं. काहून ते मंग कधी.

गोदाबाई


अमरावती, माघ पौर्णिमा

बाईले नमस्कार. हे पत्र नबी गाडीवान आनून देईन. त्याचीच गोष्ट सांगतो.

परवा नबीचा गाडीवर डोळा लागला अन् बैलं गाडीसकट नाल्यात उतरली. सगळा कापूस भिजला. माल माह्या भरवशावर निघाला होता, तोंड मलेच दाखवायचं होतं. मी धावत गेलो. नबी चिखलात उभा, हात जोडून. माह्या तोंडापर्यंत त्याच्या सात पिढ्यांची शिवी आली होती.

मी थांबलो. भर रस्त्यात पागोटं सोडलं. अर्धा बाजार पाहून राहिला, चंद्रभानले काय झालं म्हनून. झटकलं, पुन्हा बांधलं. पागोटं वाकडंच बसलं. पन मनात म्हनलं, सकाळ झाली. अन् मंग मले नबीचं तोंड दिसलं. दोन राती झोपला नव्हता तो. आमी दोघांनी मिळून कापूस काढला, माळावर पसरला, दोन दिवस उलथत बसलो. लय वाया गेला नाई. नबी म्हने, "मालिक, मी त शिव्या खायाले तयार होतो."

बाई, त्या बाईले माहा दंडवत सांग. म्या लय शहाने पाह्यले, बाजारात त शहान्यांचीच गर्दी असते. पन आपल्या मनाले असं कडेवर घेऊन फिरनारं मानूस पाह्यलं नाई. ती साधी असन, लिहिता-वाचता येत नसन, तरी मी तिच्यापुढे लहान हावो. अन् तिचा नवरा? काय पुन्यवान असन तो गडी! असं मानूस घरात असल्यावर त्याले काय कमी? मले त त्याचा हेवा वाटते.

म्हनून एक काम कर. शालूच्या मायले पातूरहून बोलाव. आठ-पंधरा रोज त्या बाईपाशी बसव. तिले बी शिकू दे जरा. मी एकटा सुधरून काय फायदा? मंग पाह्य आमचं घर कसं सुखाचं होते.

ती बाई काहून सोडून बसली, ते लिहिजो.

चंद्रभान


अकोला, माघ वद्य ९

चंद्रभान,

आशीर्वाद मंग देईन.

ह्याइनं तुह्यं पत्र वाचलं, तवा ती बाई माह्या चुलीपुढे भाकरी थापून राहिली होती. "हेवा वाटते" ऐकलं अन् तिचा हात परातीतच थांबला. "तिले बी शिकू दे जरा" ऐकलं अन् ती उठून परसात गेली.

ती बाई शकुन हाये. तुही बायको.

पातूरले ती गेलीच नाई. गाडी अकोल्यावरून जाते, मुक्कामाले माह्याकडे थांबली अन् मी पुढे जाऊ देलं नाई. तुले कळवू नोको म्हनाली, म्हनून गप्प होती. आज तिले इचारून सगळं लिहून राहिली.

तीन वरसापयले माहा पोटचा गेला, अन् मी महिनाभर तुह्या घरी पडून होती. तू दिवसभर बाजारात. मी तिलेच पाहत राहायची. तुह्या पायाचा आवाज आला की अंबाडा सोडून बांधायची. मी म्हनलं, हे काय व? त म्हने, "बाई, त्याइचा दिवस खराब गेला असन. माहा कायले खराब करू?" पोर गेल्याच्या दुःखात मले कोनी ग्यान देलं असतं त मी हाकलून लावलं असतं. तिनं ग्यान देलं नाई. माह्यापाशी बसली, माहे केस सोडले, फनी फिरवली, बांधून देले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्यातून उठली मी. तू माही तारीफ करतो न, कपाळाले आठी नाई म्हनून? ते तुह्या घरातलं देनं हाये. तुह्याच घरात सात वरसं होतं अन् तुले दिसलं नाई.

आता लोट्याचं. हातातून सुटला म्हनतो? सुटलेला लोटा खाली पडते, भिंतीले जाऊन आपटत नाई. शालू त्या भिंतीपाशी उभी होती.

त्या दिवशी शकुननं सकाळपासून दोनदा अंबाडा बांधला होता. लोटा आपटला तवा तिसऱ्यांदा हात केसाकडे गेला, अन् मधातच थांबला. तिनं शालूकडे पाह्यलं. पोरगी तुह्या वाहानांकडे पाहून राहिली होती. तुले ठाऊक हाये का? सहा वरसाची पोर तू वाहाना कशा काढतो ते पाहते. नीट काढल्या त समोर येते, फेकल्या त कोठीत लपते. ते तिनं कोनाचं पाहून शिकलं असन? मायचं. शकुन म्हने, "बाई, मी सोताले सांभाळत होती तोवर ठीक होतं. आता पोरगीबी सोताले सांभाळाले शिकून राहिली. त्याइचा अन् माहा राग मी एकटीनं किती दिवस धुवायचा?"

म्हनून सोडलं तिनं. म्हनून आली.

होळी झाली की ती पातूरले जानार, तिचा भाऊ खुशालराव न्याले येनार हाये. आठ रोजासाठी नाई. तो म्हनते, बहीन अन् भाची मले जड नाई.

गोदाबाई


अकोला, फाल्गुन शुद्ध १३

चंद्रभानजीले भगवंतरावचा रामराम.

हे मी माह्या मनानं लिहून राहिलो. तीन आठवडे झाले, तुमचं उत्तर नाई. नबी आल्ता, म्हने तुमी बाजारातबी दिसत नाई, रुमाल दुसराच धरते. इकडे रस्त्यावर गाडी वाजली की दोघीजनी दाराकडे पाहतात. खुशालराव पंचमी झाल्यावर येतीन. रागावले असान त तसं लिहा, शिव्या लिहा, मी वाचून दाखवीन. पन काईतरी लिहा.


अमरावती, फाल्गुन वद्य १

सौभाग्यवती शकुनले चंद्रभानचा नमस्कार.

नवऱ्यानं बायकोले नमस्कार लिहायची रीत नाई, अन् नाव लिहायची त नाईच नाई. भाऊजी हे सगळ्यापुढे वाचतीन, बाईच्या सासूबाईबी ऐकतीन. ऐकू द्या.

बाईचं पत्र वाचून मले लय राग आला. बाईचा, भाऊजीचा, तुहा. माह्या पाठीमागं सगळ्यांनी मिळून मले येडं बनवलं असं वाटलं. उंबऱ्यापाशी जाऊन पाय धुतले. पाय सुकले, राग गेला नाई. पागोटं सोडलं, बांधलं, राग तसाच. मंग इचारलं, भूक लागली का? नाई. झोप? नाई. कोनी काई केलं का? अन् तिथी मी अडकलो. केलं होतं. म्या केलं होतं.

त्यानंतर बाजारात गेलो नाई. रुमालाखाली हात घातला असता त मुनव्वरमियाँले हातावरूनच सगळं समजलं असतं. घरीच बसलो. भिंतीचा पोपडा उडाला हाये, तो शालूच्या डोक्याच्या किती जवळ हाये हे पाहत बसलो.

म्या त्या परक्या बाईची जेवढी तारीफ लिहिली, त्यातला एक शब्द माघारी घेत नाई. उलट कमीच लिहिली. तिचा नवरा पुन्यवान असन असं लिहिलं, तेवढं चुकलं. तो आंधळा होता.

तू ये असं मी म्हनत नाई. पातूरले जायचं असन त मी सोता गाडी जुंपून नेऊन सोडीन, खुशालराव जे बोलतीन ते खाली मान घालून ऐकीन. यायचं असन त पाहाले ये, पटलं नाई त जा. कुठंबी राहा, पन शालूले माही भीती वाटू नये, एवढंच मले पायजे. ते कसं होईन मले ठाऊक नाई. तू करून द्यावं असंबी आता म्हनत नाई. ते माह्यं काम हाये.

चंद्रभान


अमरावती, चैत्र शुद्ध ४, शके १७८६

गोदाबाई वन्संले शकुनचा वाकून नमस्कार.

बोलनार मी हावो, लिहिनार हे. एकबी शब्द गाळायचा नाई असं सांगून ठेवलं हाये, अन् लिहिलेलं वाचून दाखवाले लावते.

मी इथी पाहाले म्हनून आली, हे तुमाले ठाऊकच हाये. आल्यापासून कपड्याचं गाठोडं सोडलं नव्हतं, कोठीत तसंच बांधून ठेवलं होतं. खुशालदादाले निरोप हाये की पंधरा रोज थांबा. ह्याइनं गाठोडं रोज पाह्यलं, पन सोड म्हनले नाई.

हे आता कसे हायेत म्हनून तुमी इचारसान. राग येते त्याइले, येत नाई असं नाई. परवा दोनदा घरात येऊन उंबऱ्याकडे वळून गेले, पाय धुवाले. दुसऱ्यांदा पाय सुकायच्या आत बोलले, मंग सोताच जीभ चावली अन् पुन्हा धुवाले गेले. मले हासू आलं, पन हासली नाई. शालू मात्र दारामागंच उभी राहायची. बोलवलं त यायची, जवळ बसायची, सांगितलं ते ऐकायची. लय गुनाची पोर झाली होती, अन् तेच मले नोको होतं.

काल पाडव्याच्या गाठीचं झालं. ह्याइनं शालूले साखरेची गाठी आनतो म्हनून कबूल केलं होतं. पाडवा गेला, गाठी आली नाई. काल संध्याकाळी पुन्हा रिकाम्या हातानं आले, अन् वरून म्हनले, अवो, इसरलो, उद्या आनू.

अन् वन्सं, शालू उठली. पाय आपटले तिनं. "उद्या उद्या करते! खोटं बोलते! सगळ्या पोरींच्या गळ्यात गाठी हाये, माह्याच नाई! मी बोलनार नाई तुमच्याशी!" एवढ्या जोरात वरडली की शेजारची जमुना दारात आली. हातातली बाहुली अंगनात फेकून देली. मी मधात पडनार होती, पाय उचलला बी होता.

ह्याइचं तोंड लालबुंद झालं. मंग तिथीच, अंगनात, मातीत बसले, तिच्याएवढे झाले. तिचं वरडनं संपेस्तोवर ऐकत राह्यले. मंग म्हनले, "व्हय. माह्यं चुकलं." शालू म्हने, "मी अजून रागावलेली हावो." हे म्हनले, "राहा." अन् ती खरंच तोंड फिरवून, गाल फुगवून, त्याइच्या समोरच बसून राह्यली. लपाले गेली नाई.

माही पोरगी काल बापावर पयल्यांदा रागावली, वन्सं. मी कोठीत गेली अन् गाठोडं सोडलं.

(बाई, एक शब्द गाळला नाई. चंद्रभान.)